मोबाईल, इंग्रजीचा तास आणि आमच्या मुली

गेल्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या जमातीची बैठक बसली. विषय होता मुलांच्या हातातला मोबाईल. ठराव जवळजवळ तयारच होता. दहावी होईपर्यंत कोणीही आपल्या मुलाला, ‘आणि विशेषतः मुलीला’, मोबाईल देऊ नये. जो देईल त्याला जमातीने समज द्यावी. बोलणाऱ्यांचा स्वर रागाचा नव्हता, काळजीचा होता. एका बापाने सांगितले की, मुलगा रात्री दोनपर्यंत रील्स बघतो आणि सकाळी फजरला सोडाच, शाळेलाही उठत नाही. दुसऱ्याने खाली मान घालून सांगितले की, त्याच्या पुतणीचा फोटो कोणीतरी भलत्याच ठिकाणी टाकला होता.

मग किराणा दुकानवाले एक चाचा माझ्याकडे वळले. “सर, तुम्ही इतकी वर्षं इंग्रजी शिकवली. तुम्हीच सांगा, मोबाईलवर पोरं इंग्रजी शिकतात का बिघडतात?”

मी उठलो आणि जे बोललो ते धड नव्हते. दोन्ही होते, असे काहीतरी म्हणून बसलो. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. हा प्रश्न मी २८ वर्षे वर्गात जगलो होतो आणि तो सरळ विचारला गेला तेव्हा मला उत्तर देता आले नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होतो. वर्गात साठ-पासष्ट मुले. त्यात आमच्या मोहल्ल्यातली दहा-बारा. या दहा-बारांची गंमत अशी की, त्यांच्या डोक्यात चार-पाच भाषा एकाच वेळी नांदत असतात. घरी दखनी, शाळेत मराठी, मक्तबात अरबी आणि थोडी उर्दू, आणि वर इंग्रजी. महाराष्ट्राने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. म्हणजे माझ्याकडे आठवीत येणारे मूल, कागदावर तरी, सात वर्षे इंग्रजी शिकून आलेले असायचे. प्रत्यक्षात त्याला धडा वाचता यायचा, उत्तरे पाठ यायची आणि ‘तुझ्या घरी कोण कोण आहे’ एवढे इंग्रजीत विचारले की ते खिडकीबाहेर बघायला लागायचे.

यात मुलांचा दोष नव्हता. आम्ही शिकवायचोच तसे. मी वाक्य वाचायचो, त्याचे मराठी सांगायचो, मुले ते पेन्सिलीने ओळीच्या वर लिहून घ्यायची. मग प्रश्नोत्तरे फळ्यावर. निबंध गाईडातून. परीक्षेत तेच. या सगळ्या प्रकारात मुलाच्या तोंडून त्याच्या मनातले एकही इंग्रजी वाक्य बाहेर पडण्याची गरजच नव्हती. इंग्रजी आमच्याकडे बघण्याची आणि उतरवून घेण्याची गोष्ट होती, ऐकण्याबोलण्याची नव्हती.

तंत्रज्ञान वर्गात मोबाईलबरोबरच आले असे आजकाल समजले जाते. तसे नाही. आमच्या आधीच्या पिढीच्या शिक्षकांनी आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम वर्गात ऐकवले. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवरून मराठी मुलांसाठी पाठ दिसू लागले. २०१७ साली ती संस्था बंद झाली तेव्हा त्याची फारशी कुणाला खंत वाटली नाही. पुण्याच्याच सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचे कार्यक्रम तयार केले होते. त्यांतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे रेडिओवरचा आवाज मध्येच थांबायचा आणि वर्गाने मोठ्याने उत्तर द्यायचे. यंत्र मुलांना गप्प बसवत नव्हते, बोलायला लावत होते. तो फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. तो लक्षात यायला मला एक मोठी चूक करावी लागली.

साधारण २०१२च्या सुमारास आमच्या शाळेत ई-लर्निंगची खोली झाली. प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर, सगळे आले. उद्घाटनाला पुढारी आले, नारळ फुटला आणि खोलीला कुलूप लागले. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. कधी वीज नाही, कधी वायर सापडत नाही, कधी ‘साहेब येणार आहेत, आत्ता खोली खराब करू नका’. मी मागे लागून आठवड्यातले दोन तास मिळवले आणि धड्यांची कार्टूने दाखवायला लागलो. मुले पळत यायची. एरवी मधल्या सुट्टीनंतर गायब होणारीसुद्धा पुढच्या रांगेत बसायची. मी खूश. ‘वर्ग रमला’ असे मी स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगायचो.

तीन महिन्यांनी मी मुलांना सांगितले, परवा पाहिलेली गोष्ट तुमच्या शब्दांत पाच ओळींत लिहा. मराठीत नको, इंग्रजीत. साठपैकी सात-आठ जणांनी काही लिहिले. बाकीच्यांनी चित्र काढले किंवा कागद कोरा दिला. त्यांना गोष्ट आठवत होती. कोल्हा कसा पडला, म्हातारी कशी हसली, सगळे आठवत होते. त्यांनी गोष्ट डोळ्यांनी घेतली होती आणि इंग्रजी कानावरून निघून गेले होते. रमणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या कोऱ्या कागदांनी मला सांगितले. आजही शाळाशाळांत ‘डिजिटल वर्ग’ म्हणून जे चालते त्यातले बरेचसे हेच आहे. आधी सर बोलायचे आणि मुले बघायची. आता पडदा बोलतो आणि मुले बघतात.

खरा बदल झाला तो पुढे चार-पाच वर्षांनी, आणि तोही साध्या मोबाईलमधल्या आवाज रेकॉर्ड करण्याच्या सोयीमुळे. त्याला इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत.

आठवीत एक मुलगी होती. बांगड्यांचे दुकान असलेल्या घरातली. अक्षर मोत्यासारखे, वही नीटनेटकी, पण तोंड उघडायची नाही. उभे केले की ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहायची. एकदा तास संपल्यावर मी तिला विचारले तेव्हा म्हणाली, “सर, सब हँसते. मेरे कू शरम आती.” मी तिला म्हणालो, ठीक आहे, वर्गात बोलू नकोस. घरी अब्बांच्या मोबाईलवर धड्यातला एक परिच्छेद वाचून रेकॉर्ड कर आणि उद्या मला ऐकव. फक्त मला.

दुसऱ्या दिवशी तिने एक मिनिटाचे वाचन आणले. बरे होते. मी विचारले, किती वेळा केलेस? म्हणाली, अकरा वेळा. पहिले दहा वेळचे पुसून टाकले. माझ्या अंगावर काटा आला. मी वर्षानुवर्षे ओरडून एखाद्या मुलाकडून परिच्छेद दोनदा वाचून घेऊ शकलो नव्हतो. ही पोर गोधडीत तोंड खुपसून अकरा वेळा वाचत बसली होती, कारण हसायला तिथे कोणी नव्हते. आणि स्वतःचा आवाज ऐकल्यावर तिला स्वतःलाच कळत होते की कुठे अडखळलो.

तेव्हापासून मी दर आठवड्याला सगळ्या वर्गाला हेच करायला लावले. ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्यांच्यासाठी माझा जुना फोन मधल्या सुट्टीत द्यायचो. भाषेच्या वर्गात मूल अडते ते बहुतेक वेळा व्याकरणावर अडत नाही, शरमेवर अडते. ही शरम काढायची ताकद माझ्यात नव्हती. चारशे रुपयांनाही कोणी घेणार नाही अशा त्या जुन्या फोनमध्ये होती.

या कामात मला आणखी एक गोष्ट सापडली, ती आमच्या मोहल्ल्यातल्या वाचकांना मुद्दाम सांगतो. इंग्रजीत ‘थिंक’ आणि ‘दिस’ या शब्दांचा पहिला उच्चार मराठी ‘थ’ आणि ‘द’ नाही. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला लावून हवा सोडावी लागते. मराठी मुलांना हे सांगून सांगून मी थकायचो. एकदा मक्तबातल्या एका मुलाला मी म्हणालो, कारी साहेब ‘से’ आणि ‘जाल’ ही अक्षरे तजवीदमध्ये कशी काढायला शिकवतात ते करून दाखव. त्याने दाखवले. मी म्हणालो, हेच ते, अगदी हेच. अरबीतले ते दोन उच्चार आणि इंग्रजीतले हे दोन उच्चार एकाच जागेवरून निघतात. त्या दिवशी वर्गातल्या बाकीच्या मुलांना उच्चार शिकवायला आमच्या मोहल्ल्यातली तीन पोरे उभी राहिली. एरवी इंग्रजीच्या तासाला ती शेवटच्या बाकावर असायची. जे मूल मक्तबात ऐकून, पुन्हा म्हणून, चूक दुरुस्त करून अक्षर घडवते, त्याला भाषा कानाने शिकण्याची सवय आधीच असते. आम्ही शिक्षक तिचा उपयोग करत नाही, इतकेच. पण मक्तबातली दुसरी सवयही इंग्रजीच्या तासाला येते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सुरेख वाचायचे आणि अर्थ विचारायचा नाही, ही ती सवय. इबादतीत तिची जागा काय हे उलेमांनी सांगावे. भाषेच्या वर्गात मात्र तिने नुकसान होते.

अर्थाशिवाय वाचन हा फक्त आमचा रोग नाही. २०२३ सालच्या ‘असर’ अहवालात देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी आहे. त्यात इंग्रजी वाक्ये वाचता येणारी ५७.३ टक्के निघाली. आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यातल्याही साधारण चौथ्या हिश्शाला त्यांचा अर्थ सांगता आला नाही.

यंत्र ऐकते, हसत नाही आणि कंटाळत नाही, हा त्याचा मोठा गुण. हैदराबादेत गरीब वस्तीतल्या खासगी शाळांमधल्या १६ मुलांवर सुगता मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, त्याचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. बोललेले शब्द टाईप करणारा संगणक मुलांपुढे ठेवला. मुले बोलली की तो काहीतरी भलतेच लिहायचा. त्याला कळेल असे बोलायचा प्रयत्न करता करता, शिक्षकाची फारशी मदत नसताना, मुलांचे उच्चार सुधारले. आज तीच सोय प्रत्येक साध्या स्मार्टफोनच्या कळफलकावर माईकच्या चित्रात आहे. मी मुलांना ती वापरायला दिली. आमची पोरे स्कूलला ‘इस्कूल’ म्हणतात. एका पोराच्या तोंडून ‘आय गो टू इस्कूल’ ऐकून फोनने लिहिले, ‘आय गो टू इज कूल’. वर्ग हसून लोळला, तो पोरगाही हसला. फोनला हसणे आणि पोराला हसणे यात फरक आहे. संध्याकाळपर्यंत त्याने तो शब्द जागेवर आणला होता. गूगलचे ‘रीड अलाँग’ नावाचे ॲपही याच कल्पनेवर चालते. मूल गोष्ट मोठ्याने वाचते, फोन ऐकतो आणि अडलेला शब्द सांगतो. पुस्तके एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालते. लहान वर्गांसाठी ते खरोखर उपयोगी आहे.

पण इथवरच यंत्राची मजल आहे. तुला नक्की काय म्हणायचे आहे, हे ते विचारत नाही. भाषेच्या तासाचा जीव त्या प्रश्नात असतो.

मी एकदा मुलांना काम दिले. मोहल्ल्यात, बाजारात, शेतात कुठेही एक फोटो काढा आणि त्याखाली इंग्रजीत दोन वाक्ये लिहा. गाईडात नसलेली. फोटो फार सुंदर आले असे नाही, पण वाक्ये आली. एकाने आजोबांच्या चपलांचा फोटो आणला. एकाने भाजीच्या गाडीचा तराजू. बांगडीवाल्याच्या त्या मुलीने अब्बांच्या हाताचा फोटो आणला, त्यात एका म्हातारीचे मनगट. खाली लिहिले होते, ‘माय फादर सेल्स बँगल्स. ही नो एव्हरी रिस्ट इन द बाजार.’ मी ‘नो’चे ‘नोज’ केले. बाकी एक अक्षर बदलले नाही. बाजारातले प्रत्येक मनगट ओळखणारा बाप. असे वाक्य मला इतक्या वर्षांत कुठल्या गाईडात दिसले नव्हते. त्या दिवशी इंग्रजी तिच्या घरात शिरले.

हे का सांगतो, तर निवृत्तीनंतर मी संध्याकाळी घराच्या पडवीत मोहल्ल्यातल्या मुलांना शिकवतो, तिथे आता नवीनच प्रकार सुरू आहे. २०२२ सालच्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले आणि दीड-दोन वर्षांत ते आमच्या गल्लीतही पोचले. मागच्या वर्षी ‘माझे वडील’ या विषयावर निबंध आणा म्हटले. चार मुलांचे चार वडील एकसारखे निघाले. सगळे ‘हार्डवर्किंग’, सगळे ‘सोर्स ऑफ इन्स्पिरेशन’, सगळे संध्याकाळी मुलांबरोबर ‘क्वालिटी टाईम’ घालवणारे. त्यातल्या एकाचा बाप कुवेतला आहे आणि पोराने त्याला अडीच वर्षांत पाहिलेले नाही.

मला राग आला, पण पोरांवर नाही. गाईडातून उतरवून घ्यायला आम्हीच शिकवले होते. हे नवे गाईड जास्त हुशार आहे इतकेच. बंदी घालून ते जाणार नाही. मी त्या चार निबंधांतला एक मोठ्याने वाचला आणि त्या पोराला म्हणालो, यातले तुझ्या अब्बांबद्दल खरे नाही ते खोड. त्याने खोडता खोडता तीन ओळी ठेवल्या. मग म्हणालो, आता जे राहिले ते तू लिही, चुकले तर चुकू दे. त्याने लिहिले की अब्बांचा फोन रात्री साडेदहाला येतो आणि अम्मी तोपर्यंत झोपत नाही. इंग्रजी मोडके होते. पण ते त्याचे होते. पुढच्या निबंधांना मी हाच क्रम ठेवला. आधी पडवीत बसून, मोबाईल बाजूला ठेवून स्वतः लिहायचे. मग हवे तर यंत्राला विचारायचे की यात व्याकरण कुठे चुकले. ते दुरुस्त करते, आणि बऱ्यापैकी करते. पण वाक्य मुलाने आधी जन्माला घातलेले असले पाहिजे.

इंग्रजी आमच्या मुलांना कशासाठी हवे, याचे उत्तर लोक एका दमात देतात. नोकरीसाठी, आखातात जाण्यासाठी. ते खोटे नाही. पण बँकेत, दवाखान्यात, कोर्टात, मुलाखतीत आपले म्हणणे आपण सांगावे लागते. तिथे ‘सोर्स ऑफ इन्स्पिरेशन’ कामाला येत नाही. आमच्या समाजाबद्दल इंग्रजीत आणि मराठीत दुसरे लोक ढीगभर लिहितात. आमच्या मुलांनी स्वतःबद्दल दोन सरळ वाक्ये लिहावीत, एवढी अपेक्षा मी भाषेच्या शिक्षकाकडून करतो.

आता ठरावाकडे येतो. त्या ठरावातला ‘आणि विशेषतः मुलीला’ हा तुकडा मला सलतो.

त्याच ‘असर’च्या पाहणीत आणखी एक आकडा आहे. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. निम्म्याहून कमी. हा आकडा सगळ्या समाजांचा मिळून आहे, फक्त आमचा नाही. म्हणजे मोबाईलवर बंदीचा ठराव झाला तरी मुलगे मित्राच्या, दुकानातल्या, कुणाच्या तरी फोनवर बसणारच. बंदी खरी लागू होणार ती मुलींना. आधीच निम्मा असलेला वाटा शून्यावर येणार.

बांगडीवाल्याच्या त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. २०२० साली ती दहावीला होती. भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला, तीच ती बॅच. इंग्रजीत तिला शाळेत तिसऱ्या क्रमांकाचे गुण मिळाले. अकरावीला प्रवेश घेतला आणि कॉलेज मोबाईलवर सुरू झाले. घरात मोबाईल एक. मोठा भाऊ डिप्लोमाला होता. दोघांचे तास एकाच वेळी. फोन कोणाकडे गेला हे मी सांगायला नको. तिने दोन महिने त्याच्या जेवणाच्या वेळेत नोट्स उतरवून घेतल्या आणि मग सोडून दिले. कॉलेज उघडले तेव्हा अम्मी म्हणाली, आता एक वर्ष मागे राहून काय करणार. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. सासर चांगले आहे, ती सुखात आहे असे ऐकतो. तिच्या अब्बांना मी दोष देत नाही. एका फोनमध्ये दोन मुले बसत नव्हती. पण त्या घरात तेव्हा कोणी असा प्रश्नसुद्धा विचारला नाही की, एक दिवस भावाला आणि एक दिवस बहिणीला का नाही. मीही शेजारच्या गल्लीत राहून विचारला नाही. माझा जुना फोन तेव्हा माझ्या कपाटात पडून होता.

तिची धाकटी बहीण आता आठवीत आहे. ती माझ्या पडवीत येते. जमातीचा ठराव कागदावर होईल तेव्हा त्याचा पहिला परिणाम तिच्यावर होईल.

मोबाईलची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. फोटोचा गैरवापर होतो. अनोळखी माणसे गोड बोलून जाळे टाकतात. रील्समध्ये तास जातात आणि पोराचे डोळे आणि झोप बिघडते. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला, त्यातही हेच म्हटले आहे की फायद्याचे भक्कम पुरावे थोडे आहेत आणि मोबाईलमुळे वर्गातले लक्ष उडते. शिक्षक म्हणून माझाही अनुभव तसाच आहे. दिवसभर हातात फोन असलेले मूल इंग्रजीत पुढे गेलेले मी पाहिले नाही. पण मी वर सांगितलेल्या एकाही कामाला दिवसभर फोन लागत नाही. सिमकार्डही लागत नाही. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास पुरतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राईझ’ मिळाले. दहा लाख डॉलरचे ते बक्षीस, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुस्तकावर क्यूआर कोड छापणारा शिक्षक म्हणून सगळ्यांना ते ठाऊक आहेत. मला त्यातली आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुलांच्या घरची भाषा कन्नड, आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत. त्यांनी आधी ती पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि मग त्यावर कोड लावले. त्या गावात मुलींची हजेरी वाढली आणि बालविवाह थांबले, असे बक्षीस देताना सांगितले गेले. कोड आता बालभारतीच्या पुस्तकांवरही आहेत. पण पुस्तकावरचा कोड ज्या मुलीला उघडायलाच मिळत नाही, तिच्यासाठी ती नुसती काळी चौकट आहे.

यातून शिक्षकांनी एक धडा घ्यावा. वर्गात मुलाला आधी त्याच्या भाषेत बोलू द्या. माझ्या पडवीत मुले गोष्ट आधी दखनीत सांगतात, मग मराठीत, मग इंग्रजीत. तिन्ही रेकॉर्ड करतात. दखनीत खळखळून सांगितलेली गोष्ट इंग्रजीत आली की आखडते, आणि आपण कुठे आखडलो हे त्यांना स्वतःला ऐकू येते.

दुसऱ्या बैठकीला मी लिहून गेलो. किराणावाल्या चाचांना म्हणालो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. मोबाईलवर पोरं नुसती बघत बसली तर बिघडतात, आणि बोलली-लिहिली तर शिकतात. कोण बघत बसते आणि कोण बोलते, हे बघायला मोठे माणूस जवळ लागते. म्हणून ठराव असा करा की, दहावीपर्यंत कोणाच्याच हातात स्वतःचा फोन नको, मुलाच्याही नको आणि मुलीच्याही नको. पण जमातीने मक्तबाच्या बाजूच्या खोलीत सिम नसलेले चार फोन ठेवावेत. असर ते मगरीब मुलींची वेळ, इशानंतर मुलांची. दार उघडे. एक आपा बसतील, एक वही असेल, आणि प्रत्येक मूल तिथे आज काय बोलले, काय लिहिले ते वहीत येईल.

वाद झाला. मुलींची वेळ रोज कशाला, आठवड्यातून दोनदा पुरे, असे काहींचे म्हणणे पडले. ‘विशेषतः मुलीला’ हे शब्द काढायला तर अर्धा तास गेला. शेवटी ते निघाले. मुलींना आठवड्यातून तीन दिवस मिळाले, मुलांना चार. मला हे पटलेले नाही आणि मी पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. फोन चारांऐवजी दोनच जमले, त्यातला एक माझा तोच जुना. दुसरा ज्यांनी पुतणीच्या फोटोची गोष्ट सांगितली होती त्यांनी आणून दिला.

पहिल्या दिवशी सात मुली आल्या. बांगडीवाल्याची धाकटी त्यात होती. तिने परिच्छेद चौथ्या वेळी नीट वाचला आणि आपाला म्हणाली, अजून एकदा करू का?

तुमच्या गावात, तुमच्या मोहल्ल्यात असे काही करायचे असेल तर खर्च फारसा नाही. कपाटात पडलेला एक फोन, एक खोली आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तिथे बसून ऐकणारे एक मोठे माणूस लागते. निवृत्त शिक्षक-शिक्षिका आपल्या समाजातही आता कमी नाहीत. त्यांनी वेळ द्यावा, आणि वही दोन रांगांची करावी, एक मुलांची आणि एक मुलींची. महिन्याच्या शेवटी दोन्ही रांगांतली हजेरी मोजावी आणि ती जमातीत वाचून दाखवावी.